किडा सांगेल ती चाल

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका बोळात माझ्या वडिलांचं पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खोलीच ती. पुढं फळ्यांचं दार, आत भिंतीला टेकून ठेवलेल्या गावोगावच्या भजनी पेट्या आणि मधल्या चटईवर वडील. आमच्या आजोबांनी मेंढरं विकली आणि ते तालुक्याच्या गावी आले. वडील एका सुताराच्या हाताखाली राहिले, आणि लाकडावरून सुरांवर कसे गेले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. मी शाळेतून आले की दप्तर टाकून भाता हलवायला बसायचे. ते पितळी रीड घासायचे, पट्टी दाबायचे, मान हलवायचे, पुन्हा घासायचे. बेसूर पेटी वाजवणाऱ्याचा त्यांना भयंकर राग यायचा. गिऱ्हाईकाच्या तोंडावर म्हणायचे, "पेटीला काय झालं न्हाई, तुमच्या कानाला झालंय." कान आणि राग या दोन्ही गोष्टी मी त्यांच्याकडून घेतल्या, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. कानाबद्दल मला शंका आहे, रागाबद्दल नाही.

एकदा, मी सातवी-आठवीत असेन, बोरी बुद्रुकचे दोघे जण एसटीनं पेटी घेऊन आले. पेटी गोधडीत गुंडाळलेली आणि वर सुतळीचे तीन-चार वेढे. सोडताना दोघांचे हात जरा बिचकत होते.

"काय झालंय?" वडिलांनी विचारलं.

"वाजतीया," एक जण म्हणाला.

"मग पेटी वाजणार न्हाई तर काय भाकरी भाजणार?"

"तसं न्हाई राव. आपोआप वाजतीया. भाता बंद, झाकण बंद, देवळात कोण न्हाई, आन दिवेलागणीला आपली वाजतीया."

त्यांचा पेटीसमोर नारळ फोडून झाला होता. कुणी तरी लिंबू उतरवून टाकायला सांगितलं होतं, तेही झालं होतं. वडिलांनी पेटी उघडली, एकेक पट्टी दाबून पाहिली. पेटी उत्तम होती. दुपारभर दोघे समोर बसून राहिले आणि पेटी गप्प. वडिलांचा पारा चढायला लागला. "मला येड्यात काढायला आलात का?" इथपर्यंत गोष्ट गेली. शेवटी दिवस कलला, वडिलांनी फळ्या लावायला घेतल्या, दुकानात अंधारलं, आणि कोपऱ्यातून पेटी वाजली. किर्र, किर्र, किर्र. बोरीवाल्यातला एक जण उठून दारात गेला.

वडिलांनी रीडची फळी उचलली. खाली रातकिडा बसला होता. तपकिरी, बोटाच्या पेराएवढा, मिशा अंगापेक्षा लांब. पेटीच्या पोकळीत त्याचा आवाज असा काही घुमत होता की विचारू नका. दारातल्या माणसानं त्याला हात जोडून नमस्कार केला. एवढे दिवस ज्याच्यासाठी नारळ-लिंबू केलं, त्याला रिकाम्या हातानं कसं घालवायचं, असं त्याला वाटलं असावं.

मला वाटलं वडील किडा झटकून टाकतील. पण त्यांनी मला भाता धरायला लावला आणि ते किड्याचा सूर शोधायला लागले. मधल्या सप्तकातून वर, वरच्या सप्तकातून आणखी वर, शेवटी उजव्या टोकाची शेवटची पट्टी आली. किडा अजून वरच होता. वडील जरा वरमले. आयुष्यभर ज्या डब्यात सगळे सूर ठेवलेत असं समजून चाललो, त्याच्या बाहेर कुणी तरी आरामात गातंय, हे त्यांना रुचलं नाही. "आपल्या पेटीत मावत न्हाई हा," ते म्हणाले आणि किडा ओंजळीत धरून मागच्या परसात सोडून आले. पुढं कित्येक दिवस संध्याकाळी फळ्या लावताना ते क्षणभर थांबायचे आणि परसाकडे कान द्यायचे.

ही गोष्ट मी सासरी पहिल्यांदा सांगितली तेव्हा माझे सासरे हसले नाहीत. म्हणाले, "त्या किड्याला सूर कशाला विचारायचा? त्याला चाल विचारायची अस्ती."

लग्न होऊन मी आंबेगाव तालुक्यात, निरगुडसरच्या शिवारातल्या एका वस्तीवर आले होते. भोवती ऊस आणि कांदा, घरामागं मेंढ्यांचं जाळीचं कुंपण, त्याला वाघर म्हणतात. बाकीच्या भावकीनं मेंढरं सोडून दिली होती. आमच्या घरानं थोडी ठेवली होती, कारण सासऱ्यांना मेंढरांवाचून झोप येत नसे. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. नवरा दूध डेअरीवर कामाला. संध्याकाळी तो यायच्या आत घरात आम्ही दोघंच, मी आणि मामा. सासऱ्यांना मी मामाच म्हणायचे. लग्नात लोकांनी भांडी दिली होती, माझ्या वडिलांनी पेटी दिली होती. मामांनी ती उघडून पाहिली, दोन पट्ट्या दाबल्या आणि आदरानं झाकून ठेवली. त्यांचं वाद्य ढोल होतं.

देवाच्या ओव्या म्हणताना ढोल मामांकडे असायचा, तोही नुसता वाजवायला नाही. ओवी कुठल्या चालीनं घ्यायची, सावकाश की झपाझप, हे ढोलवाला ठरवतो. त्याच्यामागं झांजा, झांजांमागं गाणारे. मामा ही चाल किड्यांकडून घ्यायचे. हे मला कळलं तेव्हा मी तोंडावर पदर धरून हसले. ढोल मांडीपुढं घेऊन ते आधी नुसते बसायचे. सगळी मंडळी गप्प. बांधावरचा एखादा तुटक तुटक लावणारा किडा ते निवडायचे. 'किडा ओरडतो' असं ते कधी म्हणत नसत, 'किडा लावतो' म्हणत. त्याची गती अंगात मुरली की ढोलाची टिपरी उचलायची. पौषातली ओवी म्हणून संथ आणि चैत्रातली उडती.

"मामा, किड्याला काय कळतंय गाण्यातलं?"

"त्याला ऊन-थंडी कळती. गारठा आसला की त्यो बी दमानं लावतो. मानसाचं बी रगात गारठ्यात दमानंच चालतं. दोघांला एकच चाल पायजे."

पेटीवाल्याची लेक मी, असं ऐकून कशी घेणार? नवऱ्याचं घड्याळ घेतलं आणि पौषातल्या एका संध्याकाळी अंगणात बसून किडा मोजला. आकडा पंचांगाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. चैत्रात पुन्हा मोजला. जवळपास दुपटीला गेला होता. तेव्हा मी काहीच बोलले नाही, पण मामांनी पंचांगावरचे आकडे पाहिले असावेत. दुसऱ्या दिवशी चहा घेताना ते उगाचच मिशीत हसत होते.

किड्यांचा त्यांना आणखी एक उपयोग होता, आणि सगळा घोळ त्यातूनच झाला. मेंढरांमागं फिरताना रानात मुक्काम पडला की जागत्या माणसाचे कान किड्यांकडे असतात. किडे लावताहेत तोवर सगळं ठीक. एका अंगाचे किडे एकदम गप झाले तर त्या अंगानं काही तरी चालत येतंय. आमच्या भागात उसात बिबटे झाले तेव्हा मामांचा हा कान अख्ख्या वस्तीचा राखणदार झाला. बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. दोन-तीनदा मामांनी सांगितलं म्हणून माणसं उठली, आणि सकाळी वाघराबाहेर पंजे उमटलेले दिसले. मेंढरू एकही गेलं नाही.

मग एका वर्षी, दिवाळीनंतरचे दिवस असतील, मी ओट्यावर कांदे निवडत होते. दिवस नुकता मावळला होता. मामा एकदम उभे राहिले. "किडं गप झालं," म्हणाले. "वाघ हाय." आणि हाळी दिली. वस्तीतली माणसं बॅटऱ्या, काठ्या, पत्र्याचे डबे घेऊन धावत आली. डबे बडवले, फटाके उरले होते ते लावले, उसाच्या कडेनं फेऱ्या मारल्या. सगळे थांबून कान देऊन उभे राहिले, तेव्हा किडे खरोखरच चिडीचूप होते. "बगा," मामा म्हणाले. कुणाचीच शंका राहिली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तेच, आणि तिसऱ्याही. नवऱ्यानं वनखात्याकडे अर्ज दिला. त्यांचा माणूस येऊन बांधानं हिंडला आणि कुत्र्याच्या पावलांशिवाय काहीच नाही म्हणून गेला. पाचव्या-सहाव्या संध्याकाळी माणसं यायची कमी झाली. आली ती चेष्टा करायला. "काय आज्या, वाघ जेवून आलाय का उपाशी हाय?" मामा रात्रभर वाघराशी बसून राहायला लागले. त्यांचे डोळे लाल झाले, जेवण तुटलं. घर रागावलं होतं आणि मी सगळ्यात जास्त. ओट्यावरचे कांदे रोज पळापळीत तुडवले जात होते.

त्या रागातच मला ते कळलं. सातव्या संध्याकाळी मामा "किडं गप झालं" म्हणत उठले तेव्हा मी फटकन म्हणाले, "अवो मामा, एवढं कान किटवत्यात की!" आणि म्हणता म्हणता माझे हात थांबले. किडे लावत होते. बांधावर, उसात, ओट्याच्या फटीतसुद्धा. रोज मी कांद्याच्या नादात असायचे, मामा म्हणाले म्हणजे गप झाले असतील असं धरून चालायचे. आणि माणसं धावत येऊन डबे बडवायला लागली की कुठला किडा लावत बसणार? मामा म्हणायचे ते खरं करून दाखवायचं काम अख्खी वस्ती करत होती.

रात्री मी नवऱ्याला सांगितलं, मामांना किडे ऐकू येत नाहीत. त्याला पटेना. त्यानं मुद्दाम हळू आवाजात मामांना चहा विचारला, मामा म्हणाले, "आता कशाला, झोप यील का?" कान ठणठणीत आहेत असं नवऱ्याचं म्हणणं. मी पेटी काढली. मामांना पाठमोरं बसवलं आणि खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत एकेक पट्टी दाबत गेले. ऐकू आलं की हात वर करायचा. शेवटच्या पट्टीलाही हात वर गेला. नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला पेटीच डोक्यात घालावीशी वाटली.

तेव्हा मला वडील आठवले. आपल्या पेटीत मावत न्हाई हा. मी नवऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं. ते डिजिटल होतं, दर तासाला पेटीच्याही वरच्या, बारीक सुरात पीप पीप करायचं. गजर लावला आणि घड्याळ मामांच्या कानाजवळ धरलं. ते वाजलं. चुलीशी बसलेली मांजर मान वळवून बघायला लागली. मामा शांत बसून होते.

"कवा वाजनार हाय?" त्यांनी विचारलं.

नवऱ्यानं माझ्या हातातून घड्याळ घेतलं आणि बंद केलं. मला वाटत होतं की आपण जिंकू तेव्हा बरं वाटेल. मला अजिबात बरं वाटलं नाही.

सांगायचं कामही माझ्याच गळ्यात आलं. मामांनी विचारलं, "आता या घडीला लावत्यात?"

"लावत्यात, मामा."

"समद्या बाजूंनी?"

"समद्या बाजूंनी."

"म्हंजी किडं हायत," ते म्हणाले. "मीच न्हाई त्येंच्यात."

वाघाची भीती गेली म्हणून त्या रात्री ते झोपले तरी. पण आमची गोष्ट काही वस्तीत लपून राहिली नाही. माघात गावदेवाची जत्रा. जत्रेची पहिली ओवी दिवेलागणीला, आणि तिचा ढोल पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे. माझे एक चुलत सासरे झांज वाजवायचे. ते एक दिवस येऊन ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "दादा, औंदा ढोल मी घेतो. किडंच ऐकू येत न्हाईत तर चाल कुठनं आननार तुमी?" माणूस वाईट नव्हता. त्यांची चाल मात्र एकच होती, वरातीची. पौष असो नाही तर चैत्र, ते सुटले की सुटले.

मामा नुसते जमिनीकडे बघत राहिले. त्यांनी वाद घातला असता तर मी गप्प बसले असते. ते गप्प बसले म्हणून मी बोलले. "किडं मी ऐकते," मी आतून म्हणाले, "आन मामांना सांगते. ढोल मामाच वाजवतील." सुनेनं मध्ये बोलावं हे चुलत सासऱ्यांना आवडलं नाही. पण जत्रेत पहिल्याच ओवीला चाल चुकली तर पुढच्या वर्षापासून ढोल त्यांच्याकडे, एवढं कबूल करून घेऊन ते गेले.

महिनाभर आमची तालीम चालली. दिवेलागणीला मी सूप घेऊन निवडायला बसायचे, मामा समोर. मी बांधावरचा तुटक किडा धरायचे आणि बोटानं सुपाच्या कडेवर त्याची चाल ठोकायचे. मामा माझ्या बोटाकडे बघत मांडीवर ठेका धरायचे. सोपं नव्हतं ते. किडा निवडणं हेच एक काम आहे. लांब तान घेणारे वेगळे, तुटक लावणारे वेगळे, एकमेकांच्या अंगावर पडणारे वेगळे. मी तर आजवर त्या सगळ्याला 'किरकिर' असं एकच नाव देऊन मोकळी झाले होते. त्या महिन्यात मला पहिल्यांदा संध्याकाळ नीट ऐकू आली, आणि सासऱ्यांच्या समोर बसून इतकं बोलणंही तेव्हाच पहिल्यांदा झालं. मेंढरं घेऊन घाटाखाली उतरायचं कसं, तिकडचे किडे आपल्यापेक्षा कसे झपाझप लावतात, म्हणून तिथं ओवीही कशी बदलते, सगळं त्यांनी सांगितलं. मी त्यांना वडिलांच्या रीड घासण्याबद्दल सांगितलं. खरं सांगते, ते दिवस मला फार आवडले.

एकदा मात्र मी लबाडी केली. भाकऱ्या राहिल्या होत्या, नवरा यायची वेळ झाली होती, बाहेर हे कडाक्याचं गार. किडा धरायला कोण बसतंय म्हणून मी मनानंच भराभर ठोकून दिलं. मामांनी दोन-चार ठोके मांडीवर घेतले आणि हात उचलला.

"खोटं बोलू नगं पोरी. एवढ्या गारठ्यात आसं लावत्यात व्हय?"

मी जीभ चावली. माझी घाई तोंडावर दिसली असेल, असं मला वाटलं. पुन्हा नीट कान दिला. किडा खरंच निम्म्यानं लावत होता.

जत्रेच्या दिवशी मी बायकांत न बसता ढोलाशेजारी जाऊन बसले. बायकांनी ढोलाला हात लावू नये असं आमच्यात कुणी सांगितलेलं नव्हतं, पण लावत कुणी नव्हतं. ठरलं असं होतं की मी ढोलाच्या लाकडावर बोटानं चाल ठोकायची, म्हणजे ती मामांच्या हाताला कळेल आणि समोरच्यांना दिसणार नाही. दिवस मावळला. झांजा तयार झाल्या. गाणाऱ्यांनी उपरणी सावरली. मामांनी ढोल मांडीशी ओढला, मंडळी गप्प झाली, आणि देवळाच्या मागं पाळणेवाल्याचा जनरेटर सुरू झाला.

धडधड धडधड. कानात दुसरं काही शिरेना. मी पदर मागं सारला, डोळे मिटले, उसाकडे तोंड केलं. एकही किडा ऐकू येईना. एक महिना जो कान तयार केला, तो ऐन वेळी मामांच्या कानासारखाच झाला. चुलत सासरे झांजा धरून माझ्याकडे बघत होते. मनानं ठोकावं का? पण कुठली चाल ठोकू? सुपावरची लबाडी आठवली आणि बोट उचलेना. मी मामांकडे बघून मान हलवली. नाही.

मला वाटलं मामा टिपरी खाली ठेवतील. त्यांनी ती खाली ठेवली, पण घडीभरच. अंगावरची घोंगडी खांद्यावरून उतरवली. माघातला वारा उसावरून येत होता, त्यात सदऱ्याच्या बाह्या वर करून ते नुसते बसले. उघड्या हातावरून दुसरा हात एकदा फिरवला. मग टिपरी उचलली आणि पहिला ठोका टाकला.

चाल संथ होती, तरी मरगळलेली नव्हती. चुलत सासऱ्यांच्या झांजा पहिल्या ओळीला पुढं धावल्या, ढोल हलला नाही, तेव्हा निमूटपणे मागं येऊन बसल्या. गाणाऱ्यांनी आवाज लावला. ओवी चांगली रंगली, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी मागं हात करून नवऱ्याला खुणावलं. तो जवळ आला. म्हटलं, "तो जनरेटर बंद करा."

"अगं, पाळणा चालू हाय, पोरं वर बसल्यात."

"पोरं उतरवा आन बंद करा."

माझा राग तो ओळखतो. गेला. दुसरी ओवी संपायच्या बेताला धडधड थांबली आणि पाळण्याचे दिवे गेले. देवळात समया होत्या तेवढ्याच उरल्या. शेवटचा ठोका पडला, झांजा हातांनी दाबून धरल्या गेल्या आणि दोन ओव्यांच्या मधली ती शांतता आली.

तेवढ्यात उसाकडून किडा ऐकू आला. बांधावरचा, तुटक लावणारा. मग दुसरा, तिसरा. आताच थांबलेला ढोल जणू कुणी तरी उसात नेऊन पुढं चालवत होतं. तीच चाल, तसूभर कमी-जास्त नाही. समोर बसलेल्या सगळ्यांना ते ऐकू येत होतं. चुलत सासऱ्यांनी झांजा मांडीवर ठेवल्या आणि उसाकडे मान वळवली. अख्ख्या देवळात एकाच माणसाला ते ऐकू येत नव्हतं, आणि तो माझ्याकडे बघत होता.

"मिळालं का?" मामांनी विचारलं.

मी हात पुढं केला आणि ढोलाच्या लाकडावर बोट ठेवून किड्याची चाल ठोकायला लागले. मामांनी दुसऱ्या बाजूच्या कातड्यावर तळवा टेकवला. थोडा वेळ आम्ही दोघं तसेच बसलो.

"म्हंजी मी बी हाय त्येंच्यात," मामा म्हणाले, आणि तिसऱ्या ओवीला टिपरी उचलली.